पुलावाचा रविवार

जूनचा पहिला रविवार.
कादिकॉयच्या धक्क्याला बोट लागते तेव्हा
पिशवी मी छातीशी धरलेली असते. आत हजेरीवही,
नावांच्या पट्ट्या, टाचण्यांची डबी,
आणि वर्गणी बुडवणाऱ्यांची यादी,
जी मी कधीच वाचून दाखवत नाही.

मासळीबाजाराच्या वरचा लग्नाचा हॉल.
कालच्या लग्नाचे फुगे अजून छताला चिकटलेले.
परातीत चण्यांचा पुलाव, सोबत ताक
आणि तुनजायचं भाषण,
तेच, दरवर्षी थोडं लांबलेलं:
कार्सचं आमचं कॉलेज, मास्तर घडवणारं,
जिथे खिडकीच्या आतल्या बाजूलाही बर्फ धरायचा
आणि शाई खिशात घालून गरम करावी लागायची.
(आता तिथे कराचं ऑफिस आहे.
हे तो सांगत नाही.)

ज्यांनी चाळीस वर्षं पोरांना गप्प बसवलं
ते सगळे इथे एकदम बोलतात.

सहा वर्षांपूर्वी एक माणूस आत आला.
करडा कोट, हातात टोपी.
ताकाला आला होता आणि भांडंही लपवत नव्हता,
सरळ ताट घेऊन पंगतीत बसला.
नुरहयात ओरडली, अरे, तू! शेवटचा बाक!
शेगडीजवळचा!
तो हसला. चहा येईपर्यंत
त्याला दोन टोपणनावं मिळाली होती
आणि भूगोलाच्या बाईंवरचं एक जुनं प्रेम.

मी वही उघडली. फिक्री नावाचं कुणीच नाही.
हात धुवायच्या नळापाशी गाठलं त्याला.
म्हणाला, बाई, मी वनखात्याच्या कॉलेजचा.
आमचा मेळावा शेजारच्या हॉलात आहे.
माझ्या बॅचचे दोघंच उरलोत,
आणि आमचं बोलणं नाही.
मग जरा थांबून:
तुमचा पुलाव गरम होता.

मी काही बोलले नाही. काय बोलणार?

तेवढ्यात सबाहतने फोटो काढला, तो एकच, सगळ्या बॅचचा.
तिसऱ्या रांगेत एक चेहरा पुसटलेला,
खटका दाबताना हललेला.
हा बघ फिक्री! तेव्हापासून धड उभं राहता येत नाही तुला!
हॉलभर हशा.

कोण हललं ते मला माहीत आहे.
त्याच्या कानात मीच काहीतरी बोलले होते.
काय, ते आठवत नाही,
आणि हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
त्या सप्टेंबरात, रेडिओवर कवायतीची धून चालू असताना,
वसतिगृहाच्या जिन्यावर बूट वाजले.
सकाळी त्याची गादी गुंडाळलेली. एक चप्पल.
वहीत तो एकतीस नंबर.
दरवर्षी मी एकतीस म्हणते
आणि सगळ्यांना एकाच वेळी चहात साखर ढवळायची असते.

फिक्रीने फोटो हातात घेतला. चष्मा वर केला.
हा मी नाही, तो म्हणाला,
हा कोण?

खाली कुणीतरी माशांचा भाव ओरडत होतं.
तेवढंच ऐकू येत होतं.
तुनजाय, ज्याचं भाषण कुणाला थांबवता येत नाही,
तो टेबलावरची शितं बोटाने गोळा करत राहिला,
आणि म्हणाला,
वेदात.
मग नुरहयात: वेदात. बुद्धिबळात रडीचा डाव खेळायचा.
मग कुणी: माझं स्वेटर होतं त्याच्याकडे, हिरवं.
मग कुणीच थांबेना.
संध्याकाळच्या लग्नाचा बँड दारात येऊन उभा राहिला
तरी आम्ही उठलो नव्हतो.

फिक्रीलाही आता पट्टी असते.
नाव पेनाने, बॅचची जागा कोरी.
वर्गणी वेळेवर भरतो,
चणे मात्र खात नाही, ताटाच्या कडेला लावून ठेवतो,
आणि मी तिसाशी आले की
बोलणं तोडून माझ्याकडे बघतो.